सुनेच्या हळदीचे दागिने

माझं माहेर मिठागराचं. नायगावच्या खाडीकडं आमचं गाव, आता तिकडं सगळे टॉवर झालेत, पन तेव्हा गावाच्या एका अंगाला भाताची शेतं नि दुसऱ्या अंगाला नुसते मिठाचे वाफे, दुपारी बघितलं तर डोळे दिपायचे. आई-बाबा दोघं मिठागरात कामाला. बाबा फळीनं मीठ ओढायचा, आई टोपल्या वाहायची. आईचे पाय कायम खाऱ्या पान्यात, त्याला एवढाल्या भेगा, ती कुनाच्या घरी गेली की पाय लुगड्यात ओढून बसायची. मी मधली. कागदावर माझं नाव मंदाकिनी आहे, पन ते शाळेतल्या मास्तरांनी घातलेलं, घरात मला बेबी बोलायचे, आता साठीला आले तरी बेबीच. कुनाची बेबीताई, कुनाची बेबीमावशी. शाळा सातवीपर्यंत. नापास नाय झाले हां, पुढची शाळा लांब होती म्हनून राहिलं.

पावसात मिठागर बंद असतं, मग आई गिरीजला वाडीत कामाला जायची आनि मी तिच्या मागं. गिरीज म्हनजे तुम्हाला काय सांगू, सगळ्या वाड्याच, केळी, नारळ, भाजी, नि मधी मधी फुलं. ज्यांच्याकडं आई जायची त्या मालकीनबाई ख्रिस्ती, नातालबाय बोलायचे त्यांना, लुगडं नेसायच्या, कानात सोन्याच्या कुड्या आनि अंबाड्यात वेनी. रविवारी चर्चात मिस्साला जायचं तर वेनी पायजेच. ती वेनी त्या स्वतः करायच्या, केळीच्या खोडाची सालं भिजवून त्याचा दोरा काढायच्या आनि त्यात कळ्या ओवायच्या, दोन इकडं, दोन तिकडं, मधी गाठ. मी बघत बसायची. एकदा बोलल्या, ये गो इकडं, नुसती बघतेस काय, बस. आनि बसवलं मला. फुलाला पकडायचं नाय, देठाला पकडायचं, एवढंच शिकवलं त्यांनी, बाकीचं हाताला आपोआप आलं. आई बोलायची, हिला फुलांत गुंतवू नका बाय, हिला लगीन करून भात लावायचाय. बाय हसायच्या.

लगीन झालं ते चंदनसारला. भात काय लावला नाय मी. हे वसईला कारखान्यात होते, लेथ मशीनवर. माझे मालक म्हनजे बोलनं कमी. अजून तसेच. जेवन कसं झालंय विचारलं तर ताट पुढं करतील, वाढ अजून, म्हनजे समजायचं चांगलं झालंय. तेव्हा चंदनसारला एवढ्या बिल्डिंगी नव्हत्या, आमची चाळीतली खोली, मागं चिखल, बेडूक. नितेश झाला, एकच मुलगा आम्हाला. तो शाळेत जायला लागल्यावर मी गजरे विकायला बसायला लागले, विरार स्टेशनच्या बाहेर, पुलाच्या पायरीशी. घरी सांगितलं तेव्हा माझी मोठी ननंद, यांची बहिन, ती बोलली, आपल्या घरातली बाई रस्त्यावर बसनार का? यांनी दुसऱ्या दिवशी मला बसायला एक लाकडी पाट करून आनला कारखान्यातून. तो पाट घेऊन मी बसायची.

आता हे दागिने, हे नंतरचं. माझ्या लग्नात असलं काय नव्हतं, आमच्यात हळद मोठी करतात, ढोल, नाच, जेवन सगळं, पन नवरीला काय, पिवळी साडी नि मुंडावळ्या, संपलं. मग मोबाइल आले. समोरच्या बिल्डिंगीतली एक मुलगी आली, माझ्याकडनं रोज गजरा घ्यायची ती, फोन माझ्या तोंडासमोर धरला, मावशी असं जमेल का? बघते तर काय, फुलांचे कानातले, फुलांची बिंदी, गळ्यात हार, दंडाला बाजूबंद, आनि हातफूल, म्हनजे मनगटाला बांगडीसारखं आनि तिथून बोटातल्या अंगठीपर्यंत फुलांची साखळी. मी बोलले, हे काय, गजराच आहे, नुसता जागा बदलून घातलाय. केलं. मोगरा नि शेवंती. तार बारीक घेतली नव्हती, तिच्या कानाला टोचली, पन ती नाचत गेली. तिच्या हळदीला आलेल्या दोन बायकांनी माझा नंबर घेतला आनि तिथून ते सुरू झालं, मी काय धंदा काढायचा ठरवून बसले नव्हते.

मग नितेशचं लगीन. मुलगी सफाळ्याकडची, दीपाली. बारीकशी, सावळी, डोळे मोठे. तिच्या हळदीला पूर्न सेट मी केला, सगळा ताजा, नुसता मोगरा नि गुलाबाच्या कळ्या, घरातली सून येनार म्हनून कमरपट्टासुद्धा केला. तिच्या माहेरच्या बायका हात लावून बघत होत्या. संध्याकाळपर्यंत मोगरा तांबडा पडला, तो पडतोच. ही मुलगी आमच्या घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बोलली, आई, तुम्ही एवढं करता आनि ते एका दिवसात जातं, आपन खोट्या फुलांचं करूया, ते पोरी जपून ठेवतील आनि लांब पन पाठवता येईल. मला आधी राग आला. खोटं फूल ते खोटं फूल. पन तिनं करून दाखवलं, कापडाची फुलं, मोती, गोट्याची चमकती पट्टी, मागून गरम गोंदाची ती बंदूक असते ती, टोचत नाय, जड नाय. मी बघितलं आनि बोलले, जमलंय. मग तिनं मोबाइलवर फोटो टाकायला सुरुवात केली आनि काय सांगू, बोईसर, डहानू, कुठं कुठं अंधेरी, तिकडनं पोरी विचारायला लागल्या. ताजं पायजे असेल तर मी, खोटं पायजे असेल तर दीपाली. स्टेशनवरचं बसनं सुटलं माझं. चाळ पाडून बिल्डिंग झाली, आम्हाला दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं, हॉलमधी आमचा पसारा, नितेश घरी आला की बोलायचा, माझ्या घरात मला बसायला जागा नाय, सगळीकडं नवऱ्या बसल्यात. मग स्वरा झाली. स्वरा म्हनजे माझी नात.

नितेश एसी दुरुस्तीचं काम करायचा. पावसाळ्यात आमच्या इकडं रस्त्यात पानी भरतं, ते काय नवीन नाय, तो गाडी ढकलत त्या पान्यातून आला, पायाला आधीच पत्रा लागलेला. ताप आला. आम्हाला वाटलं भिजला म्हनून. मग डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी सगळं केलं, त्यांना मी दोष देत नाय, उंदरांच्या घानीनं होतो तसला ताप बोलले. गेला. स्वरा तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागलेली.

यापुढं त्याबद्दल मी जास्त बोलत नाय, तुम्ही पन विचारू नका.

काम किती दिवस बंद ठेवलं ते आठवत नाय. पन घर चालवायचं तर हात हलवावेच लागतात आनि हे तोवर रिटायर झालेले. आम्ही दोघी परत बसलो. पहिल्याच ऑर्डरीला मी पिवळी फुलं पुढ्यात घेतली आनि मला ते डोळे दिसायला लागले त्याचे. आता हळदीचं काम, त्यात पिवळ्याशिवाय काय असतं? मी फुलं हातात धरून तशीच बसले. दीपालीनं ती माझ्या हातातनं घेतली, बोलली, आई, पिवळं मी करते, तुम्ही पांढरं करा. आनि तेव्हापासनं तसंच झालं, पिवळं सगळं तिच्याकडं, पांढरं, गुलाबी माझ्याकडं.

ऑर्डर नुसती पोचवायची नसते, पुष्कळ ठिकानी जाऊन बांधून द्यावी लागते, बाजूबंद किती आवळायचा, बिंदी भांगात कुठं अडकवायची, हे घरच्यांना जमत नाय. तर एकदा विरारलाच, मोठ्या घरची हळद, आम्ही दोघी गेलो. नवरी पाटावर बसलेली, दीपालीनं खोकं उघडलं, कानातलं हातात घेतलं, तेवढ्यात नवरीची काकी पुढं आली. तिची नजर दीपालीच्या गळ्याकडं गेली. गोड आवाजातच विचारलं, मिस्टर काय करतात तुमचे? आता ही मुलगी खोटं बोलायची नाय. वारले, बोलली. काकीनं खोकं तिच्या हातातनं काढून घेतलं, शांतपने, भांडली-बिंडली नाय, आनि माझ्या हातात दिलं. मावशी तुम्ही बांधा. आनि दीपालीला बोलली, तू जेवून घे हं बाळा, तिकडं पान वाढलंय. नवरी खाली मान घालून बसली. माझ्या हातात ते खोकं, सगळ्या बायका बघतायत, दुसऱ्याचं शुभकार्य, मी काय करनार, बांधले. दीपाली जेवली नाय, बाहेर चपलांजवळ उभी राहिली.

घरी आल्यावर मला वाटलं रडेल. रडली नाय. कपडे बदलले नि दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरीचे बाजूबंद घेऊन बसली. त्या पिवळ्या फुलांना मोती लावत होती. मी तिच्याकडं बघितलं आनि माझ्या मनात आलं, ही अशी बसून बसून म्हातारी होईल. दुसऱ्यांच्या पोरींना सजवत. तिशी पन ओलांडली नव्हती हो तिनं.

यांना सांगितलं मी सकाळी, दीपालीचं परत लगीन करायचं माझ्या मनात आहे. हे पेपर वाचत होते, पेपर खाली ठेवला, बोलले, स्वराचं काय? मी बोलले, ती आईबरोबर जाईल. मग हे उठले आनि खाली गेले, बिल्डिंगच्या गेटवर जाऊन उभे राहिले, दूधवाला, शाळेची मुलं बघत. तासाभरानं वर आले, बोलले, विचार तिला.

विचारलं. दुपारी स्वरा झोपली होती, आम्ही दोघी कामाला बसलो होतो, मी सरळच बोलले, दीपाली, तू परत लगीन करावंस असं आम्हाला वाटतं. तिच्या हातातली ती गोंदाची बंदूक तशीच राहिली, गोंद खाली ठिबकला चटईवर. मला बोलली, मी जड झाले का तुम्हाला? मी बोलले, अगं तसं नाय. तसं नाय तर कसं? मी खाते ते कमवून खाते ना? तुमचा मुलगा गेला म्हनून आता सून पन नको का घरात? मी बोलत होते आनि तिला ऐकू येत नव्हतं. मी आयुष्यात तिच्या तोंडून एवढा आवाज ऐकला नव्हता. बॅग भरली आनि स्वराला घेऊन संध्याकाळच्या आत सफाळ्याला गेली. हे तिला रिक्षापर्यंत सोडून आले, बॅग यांनीच उचलली.

काय दिवस गेले ते. ऑर्डरी मी एकटी करत होते, पिवळ्यालासुद्धा हात घालावा लागला. फोन करायचा धीर होत नव्हता. ननंद आली घरी, तिला कुठनं तरी कळलंच, बोलली, बेबी, तुला अक्कल आहे का, हातची सून कोन घालवतं? म्हातारपनी तुला पानी कोन देईल? नात पन गेली, आता बस. मी च्या ठेवला तिला. त्या दिवशी मला पन वाटत होतं की तिचं खरं आहे.

मग एक दिवस दुपारी दार वाजलं, दीपाली. स्वरा पुढं धावत आत आली, आजोबांच्या अंगावर. दीपालीनं चपला काढल्या, पानी प्यायली, नेहमीच्या जागेवर जाऊन बसली, चटईवर. बोलली, आई, माहेरी मी सगळ्यांना सांगितलं, सासू माझं लगीन लावायला निघालीय. माझी आई बोलली, सासरीच राहा, त्यांनी सांभाळायला पायजे. भाऊ बोलला, इकडं राहायचं तर कसं जमनार, खोल्या दोनच. सगळ्यांनी मी कुठं राहनार ते ठरवलं, पन मला काय पायजे ते कुनी विचारलं नाय. तुम्ही विचारलंत आनि मी तुमच्यावरच ओरडले. मी बोलले, ओरडलीस ते बरं केलंस. मग तीच बोलली, मला एकटीला भीती वाटते. स्वराला शाळेतनं आनताना रस्त्यात जोडपी दिसतात ना, मला नितेशची आठवन येते आनि मला राग पन येतो त्याचा. मी करीन लगीन, पन मानूस मी बघनार. आनि हे काम सोडनार नाय. मी बोलले, सोडू नकोस, मला पिवळं जमत नाय.

तेव्हा ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

मानूस कुठं लांब नव्हता. आमच्याकडं खोकी यायची नालासोपाऱ्यातनं, पुठ्ठ्याची, त्यात दागिने घालून द्यायचे. महेंद्र म्हनून, चाळिशीचा, त्याचा छोटा कारखाना, म्हनजे एक गाळा आनि दोन कामगार. वडिलांना लकवा होऊन पडलेले, त्यांचं करता करता याचं लगीन राहून गेलेलं, मग वडील गेले, आई नि तो. स्कूटरवर खोकी बांधून घेऊन यायचा, दारातनंच द्यायचा, पानी दिलं तर उभ्यानं प्यायचा. एकदा दीपाली त्याला बोलली होती, दादा, तुमच्या खोक्यात कानातले लोळतात, कळ्या दबतात. दादाच बोलायची ती त्याला. पुढच्या खेपेला बघतो तर खोक्याच्या आत पुठ्ठ्याचे कप्पे, कानातल्याला वेगळी जागा, बिंदीला वेगळी, हातफुलाच्या साखळीला लांब खाच. कप्पे करा असं आम्ही सांगितलं नव्हतं, पैसे वाढवले नव्हते. मग ती बोलली, बाजूबंदाला पन असं पायजे. तर तेही आलं. असं चाललं होतं कधीपासनं, माझ्या लक्षात आलं नव्हतं, यांच्या आलं होतं. हे मला बोलले, तो खोकेवाला आपल्याच खोक्यांत कप्पे घालतो, मी गाळ्यावर जाऊन बघून आलोय, बाकीच्यांची साधी आहेत. एवढं मोठं वाक्य यांनी वर्षात बोलून नसेल दाखवलं.

मी दीपालीला सांगितलं, तू म्हनलीस मानूस मी बघनार, तर बघ. लाजली नाय, विचार करत बसली. मग पुढच्या वेळी तो आला तेव्हा त्याला दारातनं पानी न देता आत बसवलं. दोघं बोलत बसले, आम्ही दोघं स्वराला घेऊन खाली बागेत. असं दोन-चार वेळा झालं. मग तो एकटा माझ्यासमोर येऊन बसला, बोलला, मावशी, मला तुमचं घर मोडायचं नाय. मी बोलले, घर मोडायचं तेव्हा मोडलं बाबा, ते तुझ्या हातून नाय. स्वरा तुला चालेल का ते सांग. बोलला, तिनं मला विचारलंय कप्प्याचं खोकं खेळायला मिळेल का, मी हो बोललोय.

ठरलं. आता हळदीचं. ननंद परत आली, बरोबर आमच्या भावकीतल्या दोघी जनी. दुसरं लगीन, त्याला हळद कसली? रजिस्टर करा, सही करा, देवाला नारळ फोडा. आनि तू तिची सासू, ज्याची बायको होती त्याची आई, तू तिला फुलं बांधनार? लोक थुंकतील. मी काय बोलनार त्याच्याआधी दीपालीच बोलली, बरोबर आहे त्यांचं, आई, हळद नको, मला फुलं पन नकोत. मला कळलं ती काकी अजून हिच्या डोळ्यासमोर आहे. तिचंच लगीन, तिनं नको बोलल्यावर माझा काय हक्क.

पन महेंद्रची आई आली. म्हातारी, काठी घेऊन, जिना चढताना दोनदा टेकली. आत येऊन बसली, श्वास घेतला आनि विचारलं, तुमच्याकडं हळद नाय असं ऐकलं. मी बोलले, तिचं दुसरं आहे म्हनून. म्हातारी बोलली, तिचं दुसरं, माझ्या मुलाचं पहिलं. मी किती वर्सं वाट बघतेय. त्याला हळद लागनार, वाटी भरून उरनार, ती उष्टी हळद नवरीकडं पाठवायची असते. मग मी ती कुनाकडं पाठवू? शेजारनीकडं? दीपाली आतल्या खोलीच्या दारात उभी होती. म्हातारीनं तिलाच विचारलं, सांग बाय, कुनाकडं पाठवू? दीपाली तोंडावर पदर घेऊन आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली, डोळे धुतलेले, बोलली, माझ्याकडं पाठवा.

सेट मी केला. तिला विचारलं, ताजा की खोटा? बोलली, अर्धा तुमचा, अर्धा माझा. तसा केला मग, मोगऱ्याच्या खऱ्या कळ्या आनि मधी मधी कापडाची पिवळी फुलं. नवरीनं स्वतःचे दागिने करायचे नसतात असं मीच तिला सांगितलं, तसं काय शास्त्र आहे की नाय मला माहीत नाय, पन तिला कामाला बसू द्यायचं नव्हतं मला. पिवळं सगळं मी लावलं. डोळ्यांत पानी येत होतं, पुसत होते, लावत होते. मनगटाचं माप घ्यायला लागलं नाय, एवढी वर्सं माझ्या बाजूला ते हात हलताना बघितलेत.

हळदीच्या दिवशी सकाळी बिल्डिंगीतल्या बायका आल्या, पाच सवाशनी लागतात, त्यापेक्षा जास्त आल्या, त्यातल्या तिघी-चौघींचे हळदीचे दागिने आम्हीच केलेले. सफाळ्याहून तिची आई आली. ननंद नाय आली. हॉलमधी पाट मांडला, दीपाली येऊन बसली, पिवळी साडी. मी बिंदी हातात घेतली तर ती भिंतीकडं बघत होती. बोलली, फोटो कुठंय? नितेशचा फोटो तिथं असतो. शेजारची बोलली, मीच काढून कपाटात ठेवला, आज बरं दिसत नाय म्हनून. तिनं चांगल्या मनानंच केलं होतं, महेंद्रची आई समोर खुर्चीत बसलेली ना. दीपाली बोलली, लावा परत. मी महेंद्रच्या आईकडं बघितलं. दीपाली परत बोलली, आवाज चढवला नाय, ह्या घरातनं मी लपून जानार नाय, तो लावा, मग मला फुलं बांधा. हे कपाटाकडं गेले, फोटो काढला, सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली आनि खिळ्याला अडकवला. वाकडा लागला तो सरळ केला. म्हातारी काठी टेकत उठली, फोटोकडं बघून हात जोडले, आनि मग उष्ट्या हळदीच्या वाटीत बोटं बुडवून पहिली हळद तिनंच लावली दीपालीच्या गालाला.

मग मी बांधलं एकेक. बिंदी, कानातले, हार, बाजूबंद, हातफूल. हात आपले चालत होते, एवढ्या वर्सांची सवय. कमरपट्टा बांधताना मात्र मला वाकायला लागलं आनि तिनं माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली, थोडा वेळ. आम्ही तशाच राहिलो. मग शेजारची बोलली, चला गं, गानी म्हना कुनीतरी, आनि बायकांनी सुरू केली.

स्वरा गेली तिच्याबरोबर. ते जायलाच पायजे होतं. नालासोपारा काय लांब नाय, पन घरात पोर नसलं की दुपारी चारला, शाळा सुटायच्या टायमाला, हे आपले उठून चप्पल घालतात, मग लक्षात येतं, मग खाली जाऊन नुसतेच फिरून येतात. पहिले काही महिने मी पन स्वराच्या आंघोळीचं दोन तांबे पानी जास्त तापवायची. दर शनिवारी येते ती, आता मोठी झाली, मला बोलते आजी तुझा फोन स्लो आहे, नवीन घे. महेंद्रला ती बाबा नाय बोलत, मही बोलते, आनि त्याला ते चालतं.

दीपाली येते कामाला, सोमवार ते शुक्रवार, पोरीला शाळेत सोडून. च्या पितो, बसतो. तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे आता, कुनी खोकं काढून घेत नाय हातातनं. पन तीच नाय जात बांधायला. मला बोलली, जाईन तेव्हा जाईन, तेवढ्यासाठी गळ्यात घातलं नाय मी. ननंद अजून आमच्याकडं येत नाय, लग्नाकार्यात भेटते, बोलते, पन येत नाय. तिच्या जागी ती आहे.

माझी बोटं आता सकाळी वळत नाय लवकर, गरम पान्यात धरावी लागतात. बारीक तार दिसत नाय, चष्म्यावर चष्मा झाला. म्हातारपनी कोन, ते मला पन माहीत नाय. हे आहेत, मी आहे, चाललंय. ऑर्डरी येतात, त्या करते. आनि बांधायला गेले की काकी, आत्या, मामी कोन पुढं यायच्या आधी मी नवरीलाच विचारते, तुला पहिलं कानातलं कुनाच्या हातनं घालायचंय? काही पोरी आईकडं बघतात, काही बहिनीकडं, एक तर मागच्या महिन्यात आजीकडं बघत होती, आजी कोपऱ्यात पांढऱ्या साडीत. मी आजीच्या हातात दिलं कानातलं. कोन काय बोललं ते मी ऐकायला थांबले नाय, बाजूबंद आवळत होते. प्रत्येकीला बांधून झालं की मनातल्या मनात एवढंच बोलते, जाशील तिथं तुला विचारून होऊ दे सगळं, पोरी. बाकी सुख असेल तेवढं मिळेल.